सीजे-३बी हाय हूड: घोडबंदर रोडच्या शेडमधल्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

गाडी: महिंद्रा सीजे-३बी जीप, नोंदणी १९६८ ची, पेट्रोल. इंजिन एफ-१३४, चार सिलिंडर, २,१९९ सीसी. गिअरबॉक्स टी-९०, तीन गिअरचा. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) डाना १८, पुढचा अ‍ॅक्सल डाना २५, मागचा डाना ४४. दोन्हीकडे ४३/८ चा क्राउन-पिनियन, म्हणजे रेशो ५.३८. व्हीलबेस ८० इंच. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यापायी बॉनेटही उंच झालं. ‘हाय हूड’ हे नाव त्यावरूनच पडलं.

बदल काय करायचे, हे पाना हातात घेण्याआधीच ठरवलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात हवी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्या नोंदणीत रोजच्या वापराला परवानगी नसते, म्हणून सध्या नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच करायचं आहे. पण पुढचा रस्ता बंद व्हायला नको, म्हणून चॅसी, टब (बॉडीचा पत्र्याचा हौद) आणि इंजिन मूळच राहतील. नवं फक्त ब्रेक, कूलिंग आणि वायरिंगमध्ये. डिझेल इंजिन टाकायचे सल्ले येतच राहणार, पण या गाडीत ते होणार नाही.

इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपाच्या बैठकीवर असतो. तिथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही. रॉकेल आणि कापड वापरून साफ केला, पेन्सिल घासून सेलोटेपवर छाप घेतला. चॅसी नंबरचंही तसंच केलं. आरटीओत नंबर अस्पष्ट दिसला की पुढचं सगळं अडतं.

२४ नोव्हेंबर

उघडायला घेतली. डाव्या बाजूचे व्हील नट उलट्या आट्याचे आहेत. कोणीतरी पूर्वी नेहमीसारखे सोडवायला जाऊन दोन स्टड कापलेत. स्टड बदलताना आटा पाहून घ्यायचा, सरसकट उजव्या आट्याचे ठोकायचे नाहीत. शिल्लक मूळ हब आणि नवे स्टड यांची सरमिसळ झाली की रस्त्यात टायर बदलताना गोंधळ ठरलेला.

हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर आहे. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला की तो उपयोगाचा राहत नाही. शिवाय मागचं एकच चाक जॅकवर घेतलं तरी डिफरन्शियलमधून दुसरं चाक फिरू शकतं आणि गाडी सरकते. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

टब चौघांनी उचलला. इंजिन अर्ध्या टनाच्या चेन ब्लॉकवर. प्रत्येक बोल्टची पिशवी वेगळी, वर मार्करने जागा लिहिलेली.

८ डिसेंबर

चॅसी रबाळे एमआयडीसीत ब्लास्टिंग करून आणली. ब्लास्टिंगआधी हातोडीने ठोकून पाहिली होती. जिथे खणखणीत आवाज येत नाही, तिथे पत्रा आतून खाल्लेला असतो. तीन जागा निघाल्या: पुढच्या उजव्या पाट्याच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवती आणि मागच्या क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यात. पहिल्या दोन ठिकाणी बारीक तडे आहेत. रॉस स्टिअरिंग बॉक्स चॅसीला बोल्टने धरलेला असतो आणि चाकांचा प्रत्येक धक्का तिथेच येतो. बोल्ट ढिले राहिले की भोकं लंबगोल होतात आणि त्यांच्या कडेने तडा निघतो.

दुरुस्तीची पद्धत: तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग तडा व्ही करून भरायचा आणि आतून मूळ चॅनेलच्या जाडीची पट्टी लावायची. पट्टीची टोकं तिरकी कापायची. चॅनेलला काटकोनात आडवं वेल्डिंग केलं तर नवा तडा त्याच रेषेत येतो. वेल्डिंगआधी आणि नंतर कर्ण मोजले. फरक ३ मिमीच्या आत आहे.

प्रायमर त्याच दिवशी. ठाण्याच्या हवेत ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते, आणि त्या झाकीवर मारलेला इपॉक्सी पुढे पापुद्र्याने सुटतो. दोन हात इपॉक्सी प्रायमर, वर टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग) काळा. पावडर कोटिंग मुद्दाम टाळलं. ते दिसायला उत्तम, पण दगडाचा टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं आणि बाहेरून काही कळत नाही. पीयूवर ब्रशने डागडुजी करता येते.

चॅनेलच्या तळातली पाणी जायची भोकं वेल्डिंगच्या थेंबांनी बुजली होती. मोकळी केली.

२२ डिसेंबर

पुढचा अ‍ॅक्सल. दोन्ही नकलच्या (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या सांध्याच्या) गोळ्यांवर गंजाचे खड्डे आणि बाहेर ग्रीस-ऑइलचा काला. इथे दोन वेगवेगळ्या गळत्या एकत्र दिसतात. डिफरन्शियलचं ऑइल आतल्या अ‍ॅक्सल सीलमधून नकलमध्ये येतं, आणि नकलमधलं ग्रीस बाहेरच्या फेल्टमधून सांडतं. फक्त बाहेरचे सील बदलले की महिन्याभरात परत तेच. आतला सील बदलायला डिफरन्शियलचं पोट उघडावंच लागतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ते टाळतात. इथे दोन्ही बदलले. गोळ्यांचे खड्डे इपॉक्सी मेटल पुटीने भरून ४०० आणि मग ८०० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. खडबडीत गोळा नवा फेल्ट फार लवकर खातो.

किंग पिन बेअरिंग चारही नवी. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा सुरुवातीचा ताण, शिमने (पातळ चकत्यांनी) बसवायचा. सील न लावता, टाय रॉड सोडवून, नकलच्या आर्मच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं. नकल हलती ठेवायला १२ ते १६ पाउंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो लागले पाहिजेत. आधी उजवीकडे तीन किलोतच हलत होती. एक पातळ शिम काढल्यावर सहाला आली. प्रीलोड कमी असेल तर ४०-५० च्या वेगात स्टिअरिंग थडथडतं. जास्त असेल तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही.

थडथडीसाठी तपासायचा क्रम: किंग पिन, बेल क्रँक (स्टिअरिंगची हालचाल टाय रॉडकडे वळवणारा मधला दांडा), टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, मग टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत झुकलेली आहेत ते). बेल क्रँकचा बुश या गाड्यांत हमखास खलास असतो. त्याच्या टोकाला हाताने हलवून जितका प्ले दिसतो, त्याच्या कितीतरी पट स्टिअरिंगवर जाणवतो. स्टिअरिंग डँपर लावून हे झाकता येतं, पण आतली झीज चालूच राहते. डँपर आणलेला नाही.

व्हील बेअरिंग: नट चाक जड फिरेपर्यंत आवळायचा, मग एक षष्ठांश फेरा मागे, आणि लॉक वॉशर वाकवायचा.

५ जानेवारी २०२५

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस. ड्रेन केलेल्या ऑइलमध्ये पितळी चमक, म्हणजे सिंक्रोचं (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांचं) पितळ. आधी कोणी जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरलं असावं. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं क्राउन-पिनियनसाठी चांगली, पण बऱ्याच जीएल-५ ऑइलांत ती पितळ खातात. इथे एसएई ९०, जीएल-४ भरणार. या दोन पेट्यांचं ऑइल एकमेकांत जातं, म्हणून दोन्ही एकदमच रिकाम्या करायच्या आणि दोन्हींची पातळी स्वतंत्र पाहायची. गिअरबॉक्सला सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफर केसला दीड.

तक्रार अशी होती की उतारावर दुसऱ्या गिअरमधून लिव्हर उडतो. फोर्क बदलून हे थांबेल असं सगळे सांगतात. पण मोजल्यावर फोर्क ठीक निघाला. दोष तीन ठिकाणी वाटलेला होता: सिंक्रोच्या दातांची टोकं गोल झालेली, मेन शाफ्टला पुढे-मागे प्ले, आणि शिफ्ट रेलच्या गोळीमागची स्प्रिंग बसकी. सिंक्रो संच कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाला. स्प्रिंग नव्या टाकल्या. झाकण लावताना दोन रेलच्या मधला इंटरलॉकचा तुकडा जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपायचं. तो राहून गेला तर दोन गिअर एकदम पडतात आणि गाडी जागच्या जागी अडकते.

डाना १८ चा मधला शाफ्ट काढला. नीडल बेअरिंगच्या रेषा नखाला लागतात, म्हणजे शाफ्ट बाद. शाफ्ट, नीडल आणि थ्रस्ट वॉशर एकत्रच बदलायचे. खरखरीत शाफ्टवर नवी नीडल टिकत नाहीत. आउटपुट शाफ्टचा एंड प्ले ४ ते ८ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग (०.१ ते ०.२ मिमी). डायल गेजवर ६ थाऊला शिम लावली.

मागच्या आउटपुटचं ऑइल थेट हँडब्रेकच्या शूजवर येत होतं. सील नवा घातला तरी योकवर जुन्या सीलने पाडलेली खाच राहते आणि ऑइल तिथून वाट काढतं. योकवर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवली. दुसरी वाट कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑइल योकच्या आतल्या दात्यांतून सरकत नटाखालून बाहेर येतं आणि दोष सीलवर जातो. दात्यांना आणि वॉशरला सीलंट लावून नट आवळला.

२६ जानेवारी

इंजिन उतरवण्याआधी घेतलेलं कॉम्प्रेशन: १०८, ११०, ७२, १०६ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, ७५. ऑइल टाकून वाढलं असतं तर रिंगा. वाढलं नाही, म्हणजे व्हॉल्व्ह.

हेड काढताना एक बोल्ट दिसत नाही. कार्ब्युरेटर उतरवल्यावर खाली इनटेकचं जे तोंड दिसतं, त्याच्या आत तो आहे. बाकीचे सगळे सोडवून हेड निघत नाही म्हणून पहार घालणारे असतात. मग हेडचा कान तरी तुटतो किंवा फेस तरी खराब होतो. लावतानाही हा बोल्ट विसरायचा नाही, आणि त्याला सीलंट लावायचा. तिथून पाणी किंवा हवा गळली की आयडलिंग कधीच बसत नाही.

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला. कारण ब्लॉकमध्येच सापडलं. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची चकतीसारखी झाकणं) काढल्यावर मागच्या बाजूला पाण्याच्या जॅकेटमध्ये गंजाचा गाळ, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा इतका घट्ट. मागच्या सिलिंडरांभोवती पाणीच फिरत नव्हतं. गाळ तारेने आणि पाण्याच्या दाबाने काढला, प्लग सगळे नवे, पितळी.

बोअर मोजले. टेपर ३ थाऊच्या आत, गोलाई बरी. बोरिंग नाही, फक्त होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा. इथे ‘उघडलंच आहे तर ओव्हरसाइझ करून टाका’ हे ऐकायचं नाही. जाडी एकदा गेली की परत येत नाही, आणि हा ब्लॉक मूळ नंबरचा आहे. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट कापून घासले. पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवलं, थेंब आला नाही. हेडचा फेस वागळे इस्टेटमध्ये हलकासा कटिंग.

बसवताना: मेन बेअरिंग ६५ ते ७५ फूट-पाउंड, कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५, हेड ६० ते ७० (८१ ते ९५ न्यूटन-मीटर), तीन टप्प्यांत, मधून बाहेर. टॅपेट थंड इंजिनवर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणामागे, मॅनिफोल्डखाली आहेत. हात पोचत नाही म्हणून गॅरेजवाले ते सोडून देतात, आणि व्हॉल्व्ह परत जळतो.

१६ फेब्रुवारी

ब्रेक. मूळचे ९ इंची ड्रम चारही चाकांना, सिंगल सर्किट. एक पाइप फुटला की चारही गेले. घोडबंदरच्या कंटेनरांमध्ये अशी गाडी चालवणं शहाणपणाचं नाही.

पुढे डिस्क, मागे ड्रम, मध्ये टँडम मास्टर सिलिंडर. कॅलिपरची ब्रॅकेट स्पिंडलच्या सहा बोल्टवर बसते, त्यामुळे हाउसिंगला वेल्डिंग नाही आणि कधीही मूळ रूपात परत जाता येतं. रोटर बसवून डायल गेज लावला, डोल ०.०६ मिमी. ०.१ च्या वर गेला तर पेडल थरथरतं.

डिस्क बसवलेल्या जुन्या जीपांत पुढचे ब्रेक धरून राहतात किंवा पेडल दोनदा मारावं लागतं, त्याचं मूळ मास्टर सिलिंडरच्या जागेत आहे. या गाडीत तो फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर आहे. उभ्या गाडीत ऑइल हळूहळू मास्टरकडे परतण्याची ओढ राहते, पिस्टन मागे जातात आणि पहिलं पेडल पोकळ लागतं. म्हणून पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा). मागच्या ड्रमला १० पीएसआयचा. दहाचा पुढे लावला, किंवा मास्टरमध्ये आधीच बसवलेला काढला नाही, तर पॅड रोटरला घासत राहतात आणि हब तापतो. नवा मास्टर आला की आउटलेटमध्ये तार घालून आत व्हॉल्व्ह आहे का ते आधी पाहायचं.

पाइप स्टीलची, टोकं डबल फ्लेअर. तांब्याची नळी स्वस्त आणि वाकवायला सोपी, पण थरथरीने कडक होऊन तडकते. पेडलला मोकळा प्ले अर्धा इंच. हवा काढायचा क्रम: मागे डावं, मागे उजवं, पुढे डावं, पुढे उजवं. ब्रेक ऑइल डॉट-४. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर बदललेलं बरं.

९ मार्च

वायरिंग सगळी नवी. डायनॅमो जाऊन ३५ अँपिअरचा अल्टरनेटर आला. जुना ३०-०-३० चा अँमीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर. ३५ अँपिअर त्या मीटरमधून नेले तर त्याची टोकं तापतात, आणि ती डॅशबोर्डच्या पत्र्यामागेच असतात.

हेडलाइट ६०/५५ वॉटचे, रिलेवर. आधी स्विचमधून जाणाऱ्या वायरीवर बल्बपाशी १०.७ व्होल्ट मिळत होते, आता १३.४. वायर २.५ चौरस मिमी, बाकी लाइट १ चौरस मिमी, अल्टरनेटर ते बॅटरी १०. टब रबरावर बसलेला असतो. त्यामुळे इंजिन ते चॅसी आणि चॅसी ते टब असे दोन अर्थ पट्टे लागतात. जुन्या जीपमध्ये इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मिणमिणतो, तिथे बहुधा हाच पट्टा गायब असतो.

पॉइंट आणि कंडेन्सर तसेच ठेवले. पॉइंट गॅप २० थाऊ, प्लग ३०, टायमिंग ५ डिग्री आधी, फायरिंग १-३-४-२.

३० मार्च, पाडवा

इंजिन चालू.

त्याआधी ऑइल पंप. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो आणि तिथली खाच मध्यभागी नाही. पंप काढून एक दात इकडेतिकडे बसला तर टायमिंग काही केल्या जुळत नाही. पहिला सिलिंडर वर आणून, खुणा जुळवून मगच पंप बसवला. पंपात ऑइल भरून, प्लग काढून, स्टार्टरवर फिरवत ठेवलं. मीटरचा काटा उठल्यावर प्लग लावले. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, फिल्टरसह ४.७ लिटर.

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुने रबरी होज फुगतात आणि पंपाचा डायाफ्राम मऊ पडतो. होज इथेनॉल चालणारे, डायाफ्राम नवा. टाकीत साचलेला डिंकासारखा थरही इथेनॉल सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर सारखा तुंबणार. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरट दिसले, मेन जेट एक पायरी मोठा टाकला, आता रंग फिकट तपकिरी. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब नेऊन त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं वेष्टण चढवलं, नाहीतर उन्हात सिग्नलला पेट्रोलची वाफ होऊन गाडी बसते.

२० एप्रिल

टब. फ्लोअर आणि खालच्या हॅट चॅनेल गेलेल्या. १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा, एका वेळी इंचभर वेल्डिंग, मग दुसरीकडे. एका दमात ओढलं की पत्रा ढोलकीसारखा फुगतो. पुटी २ मिमीच्या वर कुठेही नाही. चॅनेलच्या आत कॅव्हिटी वॅक्स, नळीने.

रंग सकाळी उशिरा मारायला घेतला. पहाटेच्या दमट हवेत पीयूवर धुरकट पडदा येतो.

११ मे

गायमुखापर्यंत जाऊन आलो. टो-इन १/१६ इंच (३/६४ ते ३/३२ चालतं), टायर ६.००-१६. थडथड नाही. ५.३८ च्या रेशोवर ६० किमीला इंजिन साधारण २,४०० फेरे फिरतं, ८० ला ३,१०० च्या पुढे. ही गाडी ६० चीच आहे. लो-फर्स्टमध्ये एकूण घट सुमारे ३७ पट, म्हणून चढावर अ‍ॅक्सिलरेटरला हात लावावा लागत नाही.

कापूरबावडीच्या गर्दीत तापमान चढलं. रेडिएटरचा कोअर नवा आहे, थर्मोस्टॅट ८२ डिग्रीचा आहे आणि तो राहणार. ‘काढून टाका’ हा सल्ला चुकीचा, कारण थंड इंजिन झिजतं जास्त. उणीव फॅनभोवतीच्या शराउडची (वेढ्याची) होती. शराउड नसला की फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवतो. पत्र्याचा केला, पात्याभोवती इंचभर मोकळं, पाती निम्मी आत. आता जास्तीत जास्त ९० डिग्री.

३१ मे

२६ तारखेलाच मान्सून मुंबईत आला, त्यामुळे पाण्याची परीक्षा अपेक्षेच्या आधी झाली. मातीत फोर-व्हील आणि लो दोन्ही लावून पाहिलं. डाना १८ मध्ये आधी पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा, मगच लो पडतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हील नाही. मध्ये डिफरन्शियल नसल्याने ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर सुटत नाही.

मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ. ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) मातीने बंद होता. गरम हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं. दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर नळीने टबच्या उंचीला नेले, ऑइल बदललं. पुढचे नकल उघडून पाहिले, कोरडे.

राहिलेलं: हेड गरम इंजिनावर एकदा आवळून झालंय, ८०० किमीला पुन्हा आणि त्यानंतर टॅपेट. वायपरची मोटर जड फिरते. छताच्या हुडचं कॅनव्हास शिवायला दिलंय. दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर अजून हलकी घरघर आहे, लिव्हर मात्र उडत नाही. २,००० किमीनंतर ऑइल काढून चुंबकाला काय चिकटतं ते पाहून मगच पेटी पुन्हा उघडायची की नाही ते ठरेल.